वाचनालयात न येणारी माणसं

आमच्या गावच्या वाचनालयात एक फळा आहे. कडा उडालेला, एका बाजूला कललेला. वर्तमानपत्रातली कामाची कात्रणं टाचणीनं त्यावर लावायची पद्धत मी चिटणीस व्हायच्या कितीतरी आधीपासूनची. पोलीस भरतीच्या तारखा, उसाचा दर, कुणाच्या तरी सत्काराची बातमी, कृषी खात्याच्या योजना. कात्रण पिवळं पडलं की कुणीतरी काढतं, नाहीतर ते तसंच राहतं.

२०२४ च्या एप्रिलात मी तो फळा साफ करायला घेतला. एक कात्रण हातात आलं आणि मी तसाच उभा राहिलो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख रुपये. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. कात्रणाच्या कोपऱ्यात आमच्या ग्रंथपाल ताईनं पेनानं तारीख घातली होती. ऑक्टोबर २०२३.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना, आमच्या वस्तीवरचा एक माणूस संध्याकाळच्या अंधारात मोटारसायकलवरून उसाच्या उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. ट्रॉलीला मागं लाल फडकंसुद्धा नव्हतं. नावावर सव्वा एकर जमीन, मागं बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मी त्याच्या दहाव्याला गेलो होतो. तेराव्याला जेवून आलो होतो. आणि ते सगळे दिवस हे कात्रण आमच्या फळ्यावर टाचणीला लटकत होतं. त्याचं घर वाचनालयापासून शंभर पावलांवर आहे.

चौकशी केली. मुदत केव्हाच उलटली होती. वहिनींनी अर्ज केला नव्हता, कारण असं काही असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. यात दोष द्यायला मला एकही कचेरी सापडली नाही. सरकारनं योजना काढली, पेपरानं छापली, आमच्या ताईनं कात्रण काढून लावलं. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. फक्त ते वाचायला कुणी गेलं नाही आणि वाचून सांगायला आमच्यापैकी कुणी बाहेर पडलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. वाचनालय म्हणून आम्ही नेमकं कुणासाठी दार उघडतो?

आमचं वाचनालय बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका गावात आहे. शासनमान्य, 'ड' वर्ग. ग्रामपंचायतीच्या इमारतीत दोन खोल्या, सहा कपाटं, बारा खुर्च्या, एक पंखा चालू, एक बंद. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडं. सकाळी आठ-दहा म्हातारी माणसं पेपर वाचायला येतात. खरं तर पेपर एक जण वाचतो आणि बाकीचे भांडतात. संध्याकाळी भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं येतात. त्यांना आमची पुस्तकं नको असतात. पुस्तकं त्यांची त्यांच्याजवळ असतात, त्यांना खुर्ची, उजेड आणि घरापासून सुटका हवी असते. बारामतीत तर गल्लोगल्ली अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. जिथं महिन्याचे पैसे भरायची ऐपत नाही, तिथं गावची वाचनालयं अभ्यासिका होत चालली आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पोरांना बसायला जागा मिळालीच पाहिजे.

पण पंचवीस ते साठ या वयातली माणसं कुठं आहेत? ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्यांना पोरांची लग्नं करायची आहेत, आईबापांची औषधं आणायची आहेत, ज्यांची बांधावरून भांडणं चालू आहेत, जी एमआयडीसीत पाळीवर जातात, खुरपायला जातात, बचत गट चालवतात. ज्यांना माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी तीच माणसं आमच्या रजिस्टरात नाहीत. आमचं रजिस्टर आले ते मोजतं. न आलेल्यांचा रकाना त्यात नाही.

तुम्ही म्हणाल, कार्यक्रम ठेवा, लोक येतील. अहो, कार्यक्रम आम्ही ठेवतो! २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्याशिवाय जयंत्या आणि पुण्यतिथ्या. फोटोला हार, प्रमुख पाहुणे, नारळ, दोन भाषणं, चहा-बिस्कीट आणि शेवटी फोटो. फोटो वार्षिक अहवालाला लागतो. शाळेतून तीस-चाळीस मुलं आणून बसवली की खोली भरते. मी स्वतः असे किती कार्यक्रम केलेत ते सांगायलाही लाज वाटते. या सगळ्यात मोठ्या माणसाला उद्या सकाळी उपयोगी पडेल असं काय होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीही नाही.

आता थोडं मागं जातो. आमच्या या भागाचं आणि कागदाचं नातं जुनं आहे. मुंबई इलाख्यात जमिनीची जी नवी मोजणी आणि सारा-आकारणी झाली, तिची सुरुवात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून केली. म्हणजे आज आपण ज्या सातबाऱ्यावरून भांडतो, त्याच्या घराण्याचा एक मूळपुरुष आमच्याच शेजारचा म्हणायचा. पुढं चाळीसेक वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सुप्यात लूटही झाली. पण पुष्कळ गावांत लोकांना सावकाराचा जीव नको होता, त्यांना त्याच्याकडचे कागद हवे होते. कर्जखतं हातात पडली, जाळून झाली की माणसं घरी जात.

कारणं अनेक होती. कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता, कोर्टातून जप्त्या निघत होत्या. पण ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे आपल्याला वाचता येत नाही आणि कोर्टात मात्र तोच कागद बोलतो, ही चीड त्यात होतीच. गंमत म्हणजे (गंमत कसली!) सरकारलाही ते कळलं. १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी आला. त्यात गावोगावी नोंदणी करणारा माणूस नेमायची तरतूद होती. शेतकऱ्याचा दस्त त्याच्यासमोर लिहायचा, त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, सही करणाऱ्याला कळलाय याची खात्री करायची आणि मगच सही.

मोठ्यानं वाचून दाखवायचा. मला या तरतुदीचं फार अप्रूप वाटतं.

आज परिस्थिती बदललीय हे खरं. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची साक्षरता ८६ टक्क्यांच्या वर होती. सही बहुतेकांना येते. पण सही येणं आणि कागद कळणं यात पुष्कळ अंतर आहे. बँकेची नोटीस, विम्याच्या अटी, फेरफाराची नोटीस, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, दवाखान्याचं संमतिपत्र. मी चाळीस वर्षं वाचत आलोय आणि त्यातली निम्मी वाक्यं मला दोनदा वाचावी लागतात. "उपरोक्त विषयास अनुसरून" पासून पुढं जो डोंगर सुरू होतो, त्यात चौथी शिकलेल्या बाईनं काय करायचं? फेरफाराच्या नोटिशीला हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. कागद घरी कोनाड्यात पडून राहिला तर ते पंधरा दिवस कुणासाठी थांबत नाहीत.

म्हणून २०२४ च्या जूनपासून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी दोन तास वाचनालयात कुणीही आपला कागद घेऊन यावं. आम्ही तो वाचून दाखवू आणि त्यात काय लिहिलंय ते सोप्या भाषेत सांगू. एवढंच. सदस्य असण्याची अट नाही, वर्गणी नाही. ग्रंथपाल ताई, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी, असे तिघं बसायचो.

पहिले तीन आठवडे कुणीही आलं नाही. चौथ्या आठवड्यात एक म्हातारबा आले ते पंखा दुरुस्त झाला का बघायला. मग ताईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही टेबल मांडलंय दारासमोर. आत पोरं अभ्यास करतायत, बाहेर पारावर माणसं बसलीयत. सगळ्यांदेखत आपली बँकेची नोटीस कोण बाहेर काढंल?" बरोबर होतं. टेबल आतल्या खोलीत, कपाटाच्या मागं नेलं. तिथं कुणाचं लक्ष जात नाही. पुढच्या आठवड्यात दोघी आल्या. त्यातली एक पदराखालून पाकीट काढत म्हणाली, "भाऊ, ह्यात काय लिवलंय त्येवढं सांगा. गावात बोलू नका म्हंजे झालं."

गावात बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम झाला. दुसरा नियम असा, की सल्ला द्यायचा नाही. कागदात काय आहे ते सांगायचं, काय करावं ते सांगायचं नाही. आणि तिसरा, जिथं वकील लागेल तिथं तालुका विधी सेवा समितीचा पत्ता हातात द्यायचा. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे मलाच पासष्टाव्या वर्षी कळलं.

एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगत नाही. एक ताई आल्या, माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र घेऊन. भावांनी सही मागितली होती. मुख्याध्यापकांनी सगळा मजकूर सावकाश वाचून दाखवला. मग म्हणाले, "यावर सही केली की त्या जमिनीत तुमचा हिस्सा राहत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो." ताई थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "मला ठावं हुतं. पण एकदा कुणीतरी वाचून दाखवावं वाटत हुतं." पुढच्या आठवड्यात त्यांनी सही केली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मुख्याध्यापकांना वाटलं नाही. ते म्हणाले, माहेर तोडायचं की जमीन सोडायची हे तिनं ठरवायचं, आपण नाही. पण तिनं ऐकून सही केली, न ऐकता नाही. मला त्यांचं म्हणणं हळूहळू पटलं.

दुसरा प्रयोग कारखान्याच्या वार्षिक अहवालाचा. आमच्या दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत आणि घराघरांत सभासद आहेत. सर्वसाधारण सभेच्या आधी अहवाल घरी येतो. छान गुळगुळीत कागद. तो शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला फार चांगला. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचे शेरे ही पानं उलटली जातात, वाचली जात नाहीत. सभेत मात्र आवाज मोठा. आम्ही ठरवलं, सभेच्या आधी तीन संध्याकाळी अहवाल एकत्र वाचायचा. कोणत्याही गटाची बाजू घ्यायची नाही. शब्द समजून घ्यायचे. राखीव निधी म्हणजे काय, घसारा म्हणजे काय, पूर्वहंगामी कर्ज कुठं दिसतं, शेरा आणि आक्षेप यात फरक काय. पहिल्या दिवशी अकरा जण आले, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी एकोणीस! तिसऱ्या दिवशी इतके का आले, तर गावात बोलणं झालं की वाचनालयात राजकारण चाललंय. ते बघायला आले आणि घसारा शिकून गेले. असो.

यावर हमखास येणारा पहिला आक्षेप म्हणजे, हे वाचनालयाचं काम आहे का? त्यासाठी सेवा केंद्रं आहेत, तलाठी आहेत, वकील आहेत. मान्य. पण सेवा केंद्रात फॉर्म भरून मिळतो. मागं रांग उभी असते, तिथं समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो आणि ते त्याचं कामही नाही. वकिलाकडं माणूस उशिरा जातो, पैसे घेऊन जातो. कुठलाही स्वार्थ नसलेला, फी न घेणारा, वाचता येणारा माणूस ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसलेला असणं, ही सोय गावात दुसरीकडं कुठंच नाही. आणि मोठ्या माणसाला वाचून दाखवणं हे काही नवं खूळ नाही. बारामतीचा सगळ्यात मोठा साहित्यिक म्हणजे कवी मोरोपंत. अठराव्या शतकात नाईकांच्या वाड्यात ते पुराण सांगायला होते. म्हणजे मोठ्या माणसांना वाचून, उलगडून सांगणं हीच त्यांची नोकरी होती. आजही सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं तेव्हा वाचणारे वाचतात आणि ज्यांना अक्षर लागत नाही ते मांडी घालून ऐकतात. तिथं कुणाला कमीपणा वाटत नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्या दारावरून जाते. ऐकून शहाणं होण्याची परंपरा आम्हाला बाहेरून आणायची गरज नाही. ती फक्त वाचनालयाच्या उंबऱ्याच्या आत यायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. माझ्या एका मित्रानं तो घेतला, म्हणून मनाला लागला. तो म्हणाला, "मग कथा-कादंबऱ्यांचं काय? वाचनालयाची तू कचेरी केलीस." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मी स्वतः वाचायला लागलो तो याच सहा कपाटांमुळं. पण माझा अनुभव असा, की पुस्तकाची आवड असलेला माणूस कसाही करून पुस्तकापर्यंत पोचतो. ज्याला वाचनालय ही आपली जागाच वाटत नाही, त्याला पुस्तकांची जाहिरात करून काय उपयोग? आधी त्यानं उंबरा ओलांडायला हवा. कागद घेऊन आलेल्या सगळ्या बायका पुस्तक घेऊन गेल्या असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. वर्षभरात तिघींनी नेलं. एकीनं शिवणकामाचं, एकीनं लेकीसाठी गोष्टीचं आणि एकीनं कादंबरी. ती कादंबरी अजून परत आलेली नाही. शेजारणी-शेजारणींत फिरतेय म्हणे. दंड लावायचा विचार आम्ही सोडून दिलाय.

उलट तिच्यावरून आम्ही धडा घेतला. पुस्तकानं माणसाकडं जायला काय हरकत आहे? बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि पुढं लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी फिरवली. आपल्याकडं २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात विनायक रानडे यांनी शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या घोळक्यांपर्यंत नेल्या. त्या पार दुबईपर्यंत गेल्या. आमची पेटी एवढी मोठी नाही. पत्र्याची एक ट्रंक आहे, तीस पुस्तकांची. ती एका बचत गटाच्या बैठकीला जाते, तिथून महिन्यानं दुसऱ्या गटाकडं. पाच-सहा पानांत संपणाऱ्या गोष्टी, आरोग्य, कायदा, पाककृती, शेळीपालन. मोठ्या अक्षराची पुस्तकं आधी संपतात, कारण चाळिशी उलटलेल्या बायकांच्या डोळ्यांचं कुणी बघितलेलं नसतं. वाचनालयात एक चष्म्याचं शिबिर घेतलं तर शंभर नव्या पुस्तकांपेक्षा जास्त वाचक मिळतील, असं आता माझं मत झालंय.

'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या माणसांना अक्षरओळख करून परीक्षा घेतात. आमच्या गावातल्या काही आज्याही त्या परीक्षेला बसल्या. नातवंडं पेन्सिली टोकून द्यायला! छान वाटलं. पण परीक्षा झाली, पुढं काय? अक्षर वापरलं नाही तर पुसलं जातं. साताऱ्याच्या १९५९ च्या ग्रामशिक्षण मोहिमेचं एवढं नाव झालं, पण साक्षर झालेल्याला वाचत ठेवायचं कसं, हा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक मोहिमेपुढं उभा राहिलाच. माझं म्हणणं एवढंच, की परीक्षा दिलेल्यांची यादी त्याच आठवड्यात गावच्या वाचनालयाकडं यावी. दोन्ही गोष्टी सरकारच्याच पैशावर चालतात, मग त्यांची एकमेकांशी ओळख का नसावी?

आता पैशाचं. त्याशिवाय हे सगळं बोलणं म्हणजे नुसती हवा आहे.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. संस्था लोकांनी काढायची, चालवायची आणि सरकारनं वर्गवारीप्रमाणं अनुदान द्यायचं, अशी त्याची रचना. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा उपकर आहे, आपल्याकडं नाही. २०१२ च्या वाढीनंतर 'ड' वर्गाचं अनुदान वर्षाला ३० हजार होतं. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. त्यातला अर्धा भाग पगाराला. हिशेब तुम्हीच करा. आमच्या ग्रंथपाल ताईला महिन्याला जे दोन हजार पडतात, ते खुरपायला जाणारी बाई आठवड्यात मिळवते. २०१२ पासून बरीच वर्षं नवी मान्यता आणि वर्गवाढही थांबलेली होती.

म्हणून मला भीती वाटते की माझं हे लिखाण वाचून कुणीतरी परिपत्रक काढील, 'प्रत्येक ग्रंथालयाने नागरिकांस कागदपत्रे वाचून दाखवावीत, मासिक अहवाल सादर करावा' आणि सगळं ओझं पुन्हा त्याच दोन हजारांवर येऊन पडेल. तसं होऊ नये. हे काम करायचं तर त्या माणसाला निदान शेतमजुराइतका तरी मोबदला मिळाला पाहिजे. मालमत्ता करावर रुपयामागं काही पैसे ग्रंथालयासाठी द्यायला मी तयार आहे. आमच्या पट्ट्यातली बागायतदार मंडळीही देतील, जर त्या वाचनालयात त्यांच्या कामाचं काही घडत असेल तर. तेच तर मुद्द्याचं आहे. उपयोग दिसत नाही म्हणून लोक पैसे देत नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून उपयोग दिसत नाही. हे चाक कुणीतरी एका बाजूनं ढकलायला हवं. सरकार ढकलील तेव्हा ढकलील. आमच्यासारख्या चिटणिसांनी तोवर हार-नारळाच्या खर्चातून एक टेबल कपाटामागं हलवायला काय हरकत आहे?

फळा अजून तिथंच आहे. आता कात्रण लावलं की बाजाराच्या दिवशी ते मोठ्यानं वाचायचं, आणि ज्या घराला लागू पडेल त्या घरी त्याच दिवशी कुणीतरी जाऊन सांगायचं, असा रिवाज केलाय. तो पाळला जातोच असं नाही. पावसात दोन आठवडे चुकले.

त्या वहिनींकडं मात्र मी बरेच दिवस गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? गेल्या महिन्यात त्याच आल्या. चपला बाहेर काढून दारात उभ्या राहिल्या. सोबत वस्तीवरची दुसरी एक बाई होती, नवी नवरी असावी, हातात घडी घातलेला कागद. वहिनी म्हणाल्या, "हिचा कागद हाय, भाऊ. मुदत बिदत असंल तर आधी ती बघा."

ताई त्या दिवशी रजेवर होती. मी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.